सात करंज, एकसष्ट टक्के

कोपरखैरणे, १२ जानेवारी २०२५

तात्या,

'तीर्थरूप' वगैरे लिहिलं की तुम्ही पुढचं पत्र वाचत नाही, असं आई म्हणते. म्हणून नुसता नमस्कार. फोनवर माझा आवाज तुम्हाला भुंग्यासारखा ऐकू येतो, तेव्हा यापुढं पत्रच.

मला नोकरी लागून दोन महिने झाले. सहा महिने कच्ची, मग पक्की. आप्पांनी हमालांच्या टोळीत पेढे वाटले, पण पोरगी काय काम करते ते त्यांना सांगता आलं नाही. "कॉम्प्युटरवर झाडं मोजती," म्हणाले. त्यावर मुकादम म्हणाले, "झाडं मोजाय पंधरावी शिकाय लागती व्हय?"

तर नीट सांगते. शहरात किती हिरवं आहे हे आमची कंपनी दोन डोळ्यांनी बघते. एक डोळा उपग्रहाचा. तो वरून फोटो काढतो, पण त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरची दहा मीटर जागा. तुमची झाडं, ट्रकचे टप आणि गाळ्यांचे पत्रे त्याला एकाच ठिपक्यात कालवलेले दिसतात. म्हणून दुसरा डोळा रस्त्यावरचा. गाडीच्या टपावर चारी बाजूंना बघणारा कॅमेरा असतो. आमची आफरीन ती गाडी चालवते. ती उरणची आहे आणि तिला सगळे रस्ते पाठ आहेत. रस्त्यानं चालणाऱ्या माणसाच्या नजरेला किती हिरवं दिसतं, याची टक्केवारी त्या फोटोंतून निघते आणि तो आकडा पालिकेच्या हरित रस्ते समितीकडं जातो.

आता मुद्द्याचं. भाजीबाजाराच्या मागची गल्ली एका ठेकेदाराला ट्रक उभे करायला हवी आहे. तुम्ही आणि आप्पांनी लावलेले सातही करंज त्याच्या नकाशात आडवे येतात. तिसऱ्या करंजाखाली आई गेली अठरा वर्षं पिठलं-भाकरी विकते. करंज गेले तर उन्हात तिच्याकडं कोण बसणार, आणि टोळी दुपारी पाठ कुठं टेकणार? आई हल्ली भाकरी थापताना वर बघते.

तात्या, तुम्ही काळजी करू नका. आमच्या यादीत ती गल्ली आहे. एकदा आकडा कागदावर आला की झाडांना हात लावता येणार नाही. माणसं काहीही बोलतात, आकडा खोटं बोलत नाही.

तुमची,
राजेश्वरी


मेढ्याजवळ, १७ जानेवारी

राजे,

पत्र पावलं. तुज्या काकूला वाचून दाखवलं. रंगूबाई म्हनली, पोरीनं एवढं शिकून शेवटी आपलीच झाडं मोजाय घेतली. मी म्हनलं, बरंच हाय, परक्याची मोजण्यापरीस.

बाजार भायखळ्याहून तिकडं आनला तवा त्या गल्लीत खारी माती हुती, गवत बी धरत न्हवतं. लोकांनी गुलमोहर लावून बघितला, आंबा लावला, सगळं जळलं. मी म्हनलं करंज लावा, खाऱ्यात त्योच टिकतो. धुतलेल्या भाजीचं पानी डब्यानं घातलं. अकरा लावले, सात जगले. कुनी फोटू काढला न्हाई. आता तू काढतीस ते बरं.

दोन गोष्टी कळव. तुजं यंत्र झाड बघतं का हिरवा रंग बघतं? आन गाडी कोनत्या दिशी येनार? मला आपलं इचारावं वाटलं. म्हाताऱ्या मानसाला दुसरं काय काम.

तुजा,
बाबासो तात्या


कोपरखैरणे, २३ जानेवारी

तात्या,

तुमचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. आमच्या प्रशिक्षणात दहा मुलं होती, त्यांतल्या एकानंही हा प्रश्न विचारला नाही.

उपग्रह पानाला ओळखतो. हिरवा रंग दिलेला पत्रा आणि हिरवं पान यांतला फरक त्याला कळतो. रस्त्यावरचा कॅमेरा एवढा हुशार नाही. त्याच्या फोटोत जितके हिरवे ठिपके, तितकी टक्केवारी. आमचे अभिराम सर म्हणतात, यात त्रुटी आहे, पण शहरभर काढलं की ती सरासरीत विरून जाते. समिती मात्र रस्त्यापुरता कॅमेऱ्याचाच आकडा धरते, कारण त्याचे फोटो बघून सभासदांना आपला रस्ता ओळखता येतो.

थोडक्यात, जितकं हिरवं दिसेल तितकं चांगलं.

गाडी मंगळवारी, ४ फेब्रुवारीला सकाळी नऊच्या सुमारास गल्लीतून जाईल. हे खरं तर बाहेर सांगायचं नसतं, पण तुम्ही काय बाहेरचे नाही. आईला मात्र मी सांगितलेलं नाही. ती उगीच झाडून काढत बसेल.

रंगूकाकूंना नमस्कार.

राजेश्वरी


कोपरखैरणे, २० फेब्रुवारी

तात्या,

बसून वाचा. आपली गल्ली शहरात पहिली आली. एकसष्ट टक्के.

दुसरा नंबर बागेलगतच्या रस्त्याचा, अठ्ठेचाळीस. पाम बीच रस्त्यालासुद्धा आपण मागं टाकलं. मी आकडा तीनदा तपासला, तिन्ही वेळा एकसष्ट. उपग्रहाचा आकडा त्या जागी फारच कमी येत होता, पण सर म्हणाले की वरून पत्रे दिसत असतील, खालचंच खरं. समितीच्या बैठकीत सरांनी माझं नाव घेतलं. एका सभासदानं विचारलं, "बाजाराच्या मागं एवढी झाडी कधी झाली?" मी उभी राहून सांगितलं की ती हमालांनी लावली आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आप्पांना घरी येऊन सांगितलं तर ते नुसते हसले आणि आईकडं बघितलं. आई म्हणाली, "जेव आदी." मला वाटलं, आनंद दाखवायची आपल्याकडं पद्धतच नाही.

तुम्ही खाऱ्या मातीत लावलेली झाडं आज शहराच्या नकाशावर सगळ्यांत गडद हिरवी आहेत. तुमचं अभिनंदन.

राजेश्वरी


मेढ्याजवळ, २६ फेब्रुवारी

राजे,

वाचून लै बरं वाटलं. एकसष्ट म्हंजे फर्स्ट क्लासच की. तुला बारावीला बी एवढंच पडलं हुतं.

मुकादमाचा निरोप आला. त्या मंगळवारी मेथीची आवक चांगली हुती म्हनं, कोथिंबीर बी लै आलती. असो. दैव देतं तवा असं चहूकडनं देतं.

सरांना नमस्कार सांग. फोटू जास्त निरखू नकोस, डोळ्याला तरास हुतो.

बाबासो


कोपरखैरणे, ९ मार्च

तात्या,

मी फोटो निरखले.

अहवालाच्या मुखपृष्ठासाठी आपल्या गल्लीचा फोटो निवडायचं काम माझ्याकडं आलं. पहिल्या फोटोत भिंतीला लागून पुरुषभर उंच मेथीच्या जुड्या रचल्या आहेत. दुसऱ्यात पालक, ढोबळी मिरची आणि कोबी. पाच हातगाड्यांवर कोथिंबीर अशी उभी केली आहे की लांबून झुडूप वाटावं. गाळ्यांच्या शटरांवर हिरवी जाळी. टोळीतल्या बारा जणांच्या डोक्यावर पाट्या आणि पाट्यांत शेवग्याच्या शेंगा. ओळीनं उभे, जणू लग्नाचा फोटो आहे.

तिसऱ्या करंजाखाली एक बाई मेथीच्या दोन जुड्या छातीशी धरून उभी आहे. यंत्र माणसांचे चेहरे आपोआप पुसट करतं, त्यामुळं चेहरा दिसत नाही. पण डाव्या हातात हिरव्या बांगड्यांवर पितळेचं कडं आहे आणि पायाशी आमचा चेपलेला डबा. तात्या, यंत्रानं मेथीला झाड म्हणून ओळखलं आणि आईला कोणीच नाही म्हणून.

घरी विचारलं. आई म्हणाली, "तूच लिवलं हुतंस नव्हं, जितकं हिरवं तितकं चांगलं? तात्यांनी मुकादमाला कळवलं. सकाळी चारपास्नं रचत हुतो. तुझ्या नोकरीचं बी भलं हुईल म्हनलं."

मला रागवायचं होतं, पण त्याहून वाईट गोष्ट त्याच दिवशी कळली. अहवालाला समितीच्या नियमांचं परिशिष्ट जोडलेलं आहे. ते मी आधी वाचलं नव्हतं, ही माझी चूक. पंधरा टक्क्यांच्या खालचा रस्ता म्हणजे अल्पहरित. तिथली फांदीसुद्धा तोडता येत नाही. चाळीसच्या वरचा रस्ता म्हणजे सुहरित. तिथं 'पुरेशी हिरवळ शिल्लक राहत असल्यानं' दहापर्यंत झाडं काढायला परवानगी आहे.

आपली गल्ली मेथी वगळून मी हातानं मोजली. बारा टक्के. काही न करता झाडं वाचली असती. ठेकेदारानं परवा अर्ज केला आणि त्याला माझा आकडा जोडला आहे.

राजेश्वरी


मेढ्याजवळ, १४ मार्च

राजे,

चूक माझी. तुज्या आईला बोलू नकोस.

मी पस्तीस वरसं बाजारात काढली. तिथं माल जेवढा चांगला दिसंल तेवढा चांगला. टोमॅटोचं वरचं थर लालभडक ठेवत्यात, खाली कच्चा. हे कुनी लबाडी म्हनत न्हाई, मांडनी म्हनत्यात. मला वाटलं शिकल्यासवरल्या मानसांचा बाजार बी तसाच आसंल. गरिबाला जास्त मिळतंय आन श्रीमंताला कमी, असला नेम कुटं आसतो, हे मला कसं कळनार? जल्मात बघितला न्हाई.

आता तुला खरं सांगावं वाटतंय हे मला ठावं हाय. सांग. नोकरी गेली तर इकडं ये. इथं बी झाडं हायेत मोजाय.

बाबासो


कोपरखैरणे, २४ मार्च

तात्या,

सांगितलं.

अभिराम सरांसमोर मेथीचा फोटो ठेवला आणि म्हटलं, ही माझी आई आहे. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "मला वाटलं ही वेल आहे." गाडीची तारीख मी घरच्यांना कळवली हेही सांगितलं. त्यांनी माझी कच्ची नोकरी आणखी सहा महिने कच्ची केली. पण ते वाईट नाहीत. समितीला 'तांत्रिक कारणास्तव फेरमोजणी' असं पत्र गेलं आहे. मी म्हटलं, तांत्रिक कारण नाही, मेथी आहे. ते म्हणाले, "राजेश्वरी, पत्रात मेथी लिहिता येत नाही."

फेरमोजणी मंगळवारी, ८ एप्रिलला. या वेळी तारीख सगळ्या बाजाराला माहीत आहे, कारण समितीनं नोटीसच लावली. त्यामुळं तुम्ही मुकादमांना कळवा, माझं ते ऐकत नाहीत. भाजी नको, जाळी नको, पाट्या नकोत. बारा टक्के आले पाहिजेत, पंधराच्या वर गेलं तर झाडं जातील. गल्लीत एकही हिरवी गोष्ट दिसता कामा नये. मोठ्या अक्षरात लिहा.

आई परवा म्हणाली, "हिरवी बांगडी बी काढू का?" मी म्हटलं, नको, तेवढी चालेल.

राजेश्वरी


कोपरखैरणे, २८ एप्रिल

तात्या,

तुम्ही मोठ्या अक्षरात लिहिलंत, ते मी पाहिलं. मुकादमांनी तो कागद गाळ्याच्या भिंतीवर चिकटवला आहे. 'एकबी हिरवी गोष्ट दिसाय नगं.' त्याखाली टोळीच्या सह्या आणि अंगठे.

त्यांनी शब्द पाळला. ट्रकवर टाकतात त्या निळ्या-काळ्या ताडपत्र्या आणल्या, दोर बांधले आणि सातही करंज शेंड्यापासून बुंध्यापर्यंत झाकले. आप्पा वर चढले होते. वाऱ्यानं उडू नये म्हणून गाठीसुद्धा ट्रकच्याच मारल्या. एका पानाचं टोक बाहेर नव्हतं.

आफरीनला विचारलं, "तुला दिसलं नाही का?" ती म्हणाली, "दिसलं ना. मला वाटलं कांद्याच्या गाड्या उभ्या आहेत, एवढ्या उंच कशा भरल्या म्हणून बघतच राहिले. माझं काम गाडी चालवायचं, राजी. बघायचं काम वरच्याचं." वरचा म्हणजे टपावरचा कॅमेरा.

शून्य टक्के. उपग्रहाला त्या जागी थोडं हिरवं दिसतं आहे, त्यावर समितीचा शेरा आहे: 'ताडपत्रीवरील शेवाळ असण्याची शक्यता.'

शून्य म्हणजे अल्पहरित नव्हे, तात्या. शून्याला वेगळा रकाना आहे, 'वृक्षविरहित'. जिथं झाडच नाही तिथं ते तोडू नका असा नियम कोण करेल? ठेकेदाराला कळवण्यात आलं की सदर रस्त्यावर वृक्ष नसल्यानं परवानगीची आवश्यकता नाही. त्याचा माणूस गल्लीत येऊन आईसमोर हसून गेला. "मावशी, कागदावर झाडच न्हाय, मग तोडलं कोन म्हननार? जूनमधे येतो मशीन घेऊन."

मी गप्प बसले नाही. आप्पांच्या टेपनं सातही बुंध्यांचे घेर मोजले, उंची मोजली, लावणाऱ्यांची नावं लिहिली आणि समितीला अर्ज दिला. काल उत्तर आलं. एकाच रस्त्याचा आकडा तिसऱ्यांदा काढता येत नाही. तथापि रस्ता वृक्षविरहित असल्यानं पाच जूनला पर्यावरणदिनी तिथं सात रोपं लावण्यात येतील. सात हा आकडा त्यांनी माझ्याच अर्जातून घेतला असावा.

आई रोज बारा वाजता चूल मांडते. माणसं येतात, तिसऱ्या करंजाच्या सावलीत बसतात, जेवतात. मी तिथं उभी राहून बघते. आकडा खोटं बोलत नाही असं तुम्हाला मीच लिहिलं होतं. ते पत्र फाडून टाका.

राजेश्वरी


मेढ्याजवळ, ४ मे

राजे,

पत्र फाडनार न्हाई. तुजं पहिलं हाय.

टोळीला दोष देऊ नकोस. त्यांनी तू सांगितलं तेच केलं, निम्म्यानं जास्त. हमालाला अर्धं वजन उचलाय येत न्हाई.

नवीन रोपं कुटं लावनार? ती गल्ली मी वळखतो. करंजाच्या बुडाला सोडलं तर सगळा काँक्रीट हाय. खड्डा खनायला मानूस लागतो, आन मानसाला दुपारी भूक लागती. एवढं तुज्या आईला वाचून दाखव. बाकी ती बगंल.

बाबासो


कोपरखैरणे, ८ जून

तात्या,

आईनं बघितलं.

पाच जूनला सकाळी लागवडीची गाडी आली. सात रोपं, लोखंडाची सात कुंपणं, सात पाट्या आणि तीन मजूर. फोटोवाला अकराला येणार होता. मजुरांनी पहारीनं काँक्रीटवर तासभर ठोकलं, वीतभर खड्डा झाला नाही. आईनं तिघांना बोलावून पिठलं-भाकरी वाढली. जेवता जेवता एकजण म्हणाला, "मावशी, सात खड्डे कुटं पाडू?"

आई म्हणाली, "खड्डं कशाला पाडतोस? झाडं उभीच हायेत की. कुपनं घाल आन पाट्या ठोक."

त्यानं वर बघितलं. "ही तर मोटी हायेत."

"मग काय वाईट झालं? तुला पानी घालाय नगं."

कुंपणं बसेनात, तेव्हा ती कापून बुंध्याला वळसा घालून तारेनं बांधली. पाट्या लागल्या: 'नवीन लागवड, ५ जून २०२५. तीन वर्षे तोडण्यास सक्त मनाई. दंडास पात्र.' पाहुणे आले, पहिल्या करंजाला झारीनं पाणी घातलं, फोटो झाला. त्यांनी मान वर केली नाही, फोटोवाल्यानं समोर बघायला सांगितलं होतं.

मग खातरजमेचा कागद माझ्यापुढं आला, कारण मोजणी कंपनीची सही लागते. तात्या, मी ठरवलं होतं की आता खोटं काही लिहायचं नाही, झाडं गेली तरी. म्हणून एकेक रकाना वाचला. 'झाडे जागेवर आहेत काय?' आहेत. 'संख्या?' सात. 'जात?' करंज. 'उंची?' मी लिहिलं, नऊ मीटर. 'बुंध्याचा घेर?' खरा होता तो लिहिला. झाडं कधी लावली, कोणी लावली, हे त्या कागदात कुठंच विचारलेलं नव्हतं. शेरा या रकान्यात मी तेही लिहिलं: बाबासो आणि टोळीनं, अठ्ठावीस वर्षांपूर्वी. सही केली. समितीच्या साहेबांनी न वाचता शिक्का मारला. सात महिन्यांत माझा हा पहिला आकडा जो खरा होता आणि कोणी बदलला नाही.

ठेकेदाराचा माणूस काल मशीन घेऊन आला. पाट्या वाचल्या, दंडाची ओळ दोनदा वाचली आणि परत गेला. जाताना आईकडं जेवला.

गाडीतली सात रोपं आप्पांनी आमच्या वसाहतीच्या मागं लावली. ती कुठल्याच यादीत नाहीत.

एक अडचण आहे. पुढच्या जूनमधे नव्या लागवडीची वाढ मोजायला मलाच पाठवणार आहेत. एका वर्षात तीन फुटांचं रोप तीस फूट कसं झालं, असं कोणी विचारलं तर मी खरं सांगणार आहे. अजून कोणी विचारलेलं नाही.

राजेश्वरी


मेढ्याजवळ, १५ जून

राजे,

पत्र रंगूबाईला दोनदा वाचून दाखवलं. पाटीवरची तारीख ऐकून ती म्हनली, म्हंजे तुमी लावलेली झाडं तुमच्या तान्ह्या नातवाच्या वयाची झाली.

मला वाईट वाटलं न्हाई. अठ्ठावीस वरसांनी का हुईना, लागवड झाली म्हनायची. तू शेऱ्यात माजं नाव घातलंस, ते कुनी वाचनार न्हाई, पर मी वाचलं.

ऱ्हायलं एकच. आमी लावली तवा तीन उन्हाळं डब्यानं पानी घातलं हुतं. मुकादमाला म्हनावं, यंदाबी घाला. नवी झाडं हायेत, जपाय पायजेत.

बाबासो